उतारावरचं पाणी

चॅसी उघडी असते तेव्हाच बघून घ्यावी. एकदा तिच्यावर घर चढलं, खिडक्यांना पडदे लागले, की माणूस पडदेच बघत बसतो.

जमीर शिकलगारच्या शेडमध्ये त्या दिवशी दोन चॅसी, म्हणजे गाड्यांचे नुसते सांगाडे, शेजारी शेजारी उभ्या होत्या. जमीर कागल रस्त्याला घरगाड्या बांधतो. म्हणजे लहान चॅसीवर एक खोली चढवतो, तिच्यात चूल, मोरी आणि बिछाना बसवून देतो. त्याच्या वडिलांनी ट्रकच्या बॉड्या बांधल्या होत्या आणि मी त्या चाळीस वर्षं घाटांतून वर-खाली केल्या होत्या. त्यामुळे जमीर मला मामा म्हणतो आणि माझ्यासमोर थोडं जपून बोलतो.

पहिली चॅसी जुन्या घडणीची होती. शिडीसारखी लोखंडी फ्रेम, मागे जोडचाकं, पाट्यांचे स्प्रिंग, डिझेल इंजिन आणि इंजिनाच्या जोरावर गाडी धरणारा एक्झॉस्ट ब्रेक. मी फ्रेमवर हातोडीचा ठोका दिला. आवाज लांबपर्यंत गेला आणि हळूहळू विरला.

दुसरीला ठोका द्यायला जागाच सापडेना. जमिनीपासून वीतभर उंचीवर ॲल्युमिनियमचा सपाट तळ, त्याच्या पोटात बॅटरी, चाकांमध्ये मोटारी. मी कडेला ठोकलं, तर दार वाजवल्यासारखा आवाज आला.

"मामा, दार कोण उघडणार नाही," जमीर म्हणाला. "आत कोण राहत नाही."

"मग चालवतं कोण?"

"ती आणि तुम्ही. मिळून."

मी खाली वाकून ब्रेकच्या थाळ्या बघितल्या. जेवणाच्या ताटाएवढ्याही नव्हत्या. तसं बोललो, तर जमीर हसला.

"ब्रेक लागतोय कुठं, मामा? उतारावर मोटारच उलटं काम करते. चाक मोटारीला फिरवतं, त्यातून वीज होते, ती बॅटरीत जाते. वीज करताना चाकाला जोर पडतो आणि गाडी धरली जाते. ब्रेक फक्त शेवटच्या दोन हातांना."

आम्हाला गाडी घ्यायची होती ती शालनसाठी. शालन माझी बायको. तिची मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वी थांबली. एक दिवसाआड तिचं रक्त यंत्रातून धुवून घ्यावं लागतं. हल्ली ते यंत्र सुटकेसएवढं येतं आणि घरीच लावता येतं. त्याला पाणी मात्र भरपूर लागतं, आणि तेही अगदी शुद्ध. म्हणून यंत्राबरोबर पाणी शुद्ध करायचा संच आणि दोनशे लिटरची टाकी घ्यावी लागते. हे सगळं मिळून नऊशे किलो होतं. लहान घरगाडीत ते मावत नाही. मागे ट्रेलर जोडावा लागतो.

ट्रेलर सपाटीवर निमूटपणे मागून येतो. घाट उतरताना तो पुढच्या गाडीला ढकलतो. पुढची गाडी हलकी आणि मागचा ट्रेलर जड असला, की वळणावर दोघांचं जमत नाही आणि दोघं मिळून दरीकडे वळतात. मी हे तीनदा डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून आमच्या धंद्यात ओढायचं असेल तर गाडी ओझ्यापेक्षा पुष्कळ जड घ्यायची पद्धत होती.

दुसऱ्या चॅसीने ही पद्धत मोडली होती. तिच्या जोडदांड्याच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या दांड्याच्या, पोलादात केसासारखे काचेचे धागे ओतलेले होते. दांड्याला ताण बसला की धागा किंचित लांबतो, दाब बसला की किंचित आखडतो आणि त्यातून जाणारा प्रकाश बदलतो. त्यावरून ट्रेलर किती किलोने ओढतोय किंवा ढकलतोय, हे गाडीला दर क्षणी कळतं. ट्रेलरच्या चाकांतही मोटारी असतात. चढावर तो स्वतःला वर ढकलतो, उतारावर स्वतःला मागे धरतो. पुढच्या गाडीला त्याचं वजन जवळजवळ लागत नाही. दोन बोटांनी धरून न्यावं तसं.

आणखी एक गोष्ट होती. नव्या कायद्याने सत्तरीनंतर घाटात साधी गाडी चालवता येत नाही. वजन आणि उतार स्वतः मोजणारी, चालकाशी मत जुळलं नाही तर तशी नोंद करणारी गाडी असेल, तरच परवानगी मिळते. मी एकाहत्तरचा होतो.

आमची मुलगी प्रणाली इस्पितळात डायलिसिसच्या विभागात काम करते. तिने दोन्ही चॅसी बघितल्या आणि लगेच सांगितलं, "आबा, लोखंडी घेऊ. तुमची ओळखीची आहे. मी चालवते, तुम्ही शेजारी बसा."

मी गाडीची माहितीपुस्तिका घरी आणली. मला अक्षरओळख झाली ती पन्नाशीला, प्रणालीच्या जुन्या पुस्तकांवर. भरभर वाचता येत नाही, त्यामुळे मधलं काही सुटत नाही. दोन दिवसांत सगळी पुस्तिका वाचून काढली. पान एकतीसवर लिहिलं होतं : लांब उतारापूर्वी बॅटरी ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये. मी ते दोनदा वाचलं.

"कुठली घेताय?" शालनने विचारलं. ती यंत्राला लावून पडली होती.

"हलकी."

"का?"

"ट्रेलर सांभाळते. तुझं पाणी हिंदकळत नाही."

"आणि?"

"तळ खाली आहे. तुला चढायला एकच पायरी."

"आणि?"

"आणि काय?"

"काही नाही. म्हटलं, चालवणार कोण ते पण सांगाल."

मी पुस्तिका मिटली. तिने डोळे मिटले. ती हसत होती असं मला वाटलं.

शालनने समुद्र पाहिला नव्हता. लग्नानंतर तीस वर्षं मी महिन्यातून आठ वेळा कोकणात उतरलो आणि ती कोल्हापुरात राहिली. करूळ, फोंडा, आंबोली ही घाटांची नावं तिला माझ्या जेवणाच्या वेळा म्हणून माहीत होती. फोंड्याने येणार असलो तर उशीर, करूळने आलो तर वेळेवर. "शंभर किलोमीटरवर समुद्र," ती एकदा म्हणाली होती, "आणि मी त्याचं मीठच तेवढं बघितलं."

जानेवारीत गाडी तयार झाली. मंगळवारी शालनचं डायलिसिस झालं. बुधवारी सकाळी आम्ही दोघंच निघालो. प्रणालीला सुट्टी मिळाली नव्हती. तिने आईला पाण्याच्या संचाची सगळी बटणं शिकवून ठेवली होती. त्यातलं एक होतं गरम धुण्याचं. आठवड्यातून एकदा टाकीतलं पाणी खूप तापवून नळ्यांतून फिरवायचं, म्हणजे आतले जंतू मरतात. ते बटण घरगाडीच्या भिंतीवर, चुलीच्या शेजारी होतं.

वाटेत थांबत, जेवत दुपारी एकला गगनबावड्याला पोचलो. करूळ घाट तिथून सुटतो. दहा किलोमीटरमध्ये सहाशे मीटर खाली. माथ्यावर चहाच्या टपरीला लागून बॅटरी भरायची जागा आहे. ती एक बाई चालवते. तिने वायर जोडली, गाडीकडे आणि ट्रेलरकडे बघितलं.

"घाट उतरणार काय, मामा? मग ऐंशीला काढते."

"भरू दे."

"अवो, वरनं खाली जाताना..."

"बाई, मी हा घाट तुझ्या जन्माच्या आधीपासनं उतरतोय."

"म्हणून तर सांगते," ती म्हणाली आणि चहा गाळायला गेली.

मी का भरली ते सांगतो. मी क्लीनर म्हणून लागलो तेव्हा माझे उस्ताद होते बापू नाईकवडी. त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, घाटाच्या तोंडाशी टाकी भरून घ्यायची. टाकी अर्धी असली तर तीव्र उतारावर डिझेल पुढच्या कोपऱ्यात पळतं, नळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि इंजिन बंद पडतं. इंजिन बंद पडलं की ब्रेकची हवा संपते, स्टेअरिंग दगड होतं. रिकाम्या टाकीने उतरणारा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सापडतो, असं ते म्हणायचे. दुसरी गोष्ट, उस्तादाने "पाणी!" अशी हाक मारली की कॅन घेऊन रेडिएटरकडे पळायचं. दुसऱ्यांदा हाक मारावी लागली तर क्लीनर कामाचा नाही.

चाळीस वर्षं मी घाटाच्या तोंडाशी टाकी भरली होती. पान एकतीस मी दोनदाच वाचलं होतं.

बॅटरी शंभरवर गेली. गाडीत बसलो, तर समोरच्या पडद्यावर अक्षरं आली : बॅटरी पूर्ण भरली आहे. या उतारावर मोटारीचा ब्रेक मिळणार नाही. बॅटरी कमी होण्यासाठी दोन तास थांबावे. खाली दोन चौकोन होते. एकात 'थांबतो', दुसऱ्यात 'चालकाची जबाबदारी'.

"काय म्हणतीय?" शालनने विचारलं.

"पोट भरलंय म्हणतीय."

"मग थांबा की."

"सूर्य बुडायच्या आत समुद्र बघायचाय ना तुला?"

मी दुसरा चौकोन दाबला. पडद्यावर आलं, मतभेद नोंदवला.

पहिले दोन किलोमीटर काही झालं नाही. गाडी पायाखाली लोण्यासारखी चालत होती. मी ब्रेक दाबत होतो, सोडत होतो. तिसऱ्या मोठ्या वळणावर जळक्या ब्रेकचा वास आला. हा वास मला झोपेतही ओळखता येतो. त्यानंतर पावलाखालचा ब्रेक मऊ झाला.

माझा डावा हात गिअर टाकायला खाली गेला. तिथे गिअर नव्हता. तिथे शालनची पानाची पिशवी होती.

पडद्यावर जोडदांड्याचा आकडा वाढत होता. एकशेचाळीस किलो. एकशेनव्वद. ट्रेलरच्या मोटारीही धरत नव्हत्या. नवी पद्धत बाजूला झाली होती आणि जुनी परत आली होती. मागून नऊशे किलो लहान गाडीला ढकलत होते. मी डावीकडची चाकं डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दगड घासले, खालून कर्कश आवाज झाला, गाडी तिरकी झाली आणि थांबली.

शालनच्या हातात अडकित्ता होता. ती सुपारी कातरत होती. सुपारी खाली सांडली होती.

"लागलं काय?" मी विचारलं.

"न्हाई. थांबलो?"

"थांबलो."

"जागा बरी न्हाई ही."

खरोखर बरी नव्हती. आम्ही वळणाच्या पोटात उभे होतो आणि वरून येणाऱ्याला आम्ही शेवटच्या क्षणापर्यंत दिसणार नव्हतो. एक टँकर हॉर्न देत इतक्या जवळून गेला की आरसा हलला. फोनला रेंज नव्हती. मागे वळवायला ट्रेलरमुळे जागा नव्हती. खाली आठ किलोमीटर उरले होते. पडद्यावर दोन ओळी होत्या. बॅटरी : शंभर. जागा : शून्य.

"जागा शून्य म्हणजे?" शालनने विचारलं.

मी तिला सांगितलं. गाडी उंचावर असते तेव्हा तिच्यात ताकद साठलेली असते. खाली येताना ती ताकद कुठेतरी जावीच लागते. ट्रकमध्ये ती इंजिनात आणि ब्रेकमध्ये जाते. म्हणून तर घाटाच्या पायथ्याशी आम्ही ड्रमवर थुंकून बघायचो, किती तापलाय ते. या गाडीत ती बॅटरीत जाते. बॅटरीत जागा नसेल तर मोटार वीज करू शकत नाही. वीज झाली नाही तर चाक धरलं जात नाही.

"म्हणजे मी भरलेल्या हंड्यात पाणी ओतायला लागले तसं."

"तसंच."

"मग हंड्यातलं काढायचं की."

"कुठं काढू? दोन तास लागतील म्हणतीय."

तिने सांडलेली सुपारी गोळा केली. मग म्हणाली, "माझी टाकी तापवायला लावली की प्रणाली ओरडते. म्हणते, आई, निम्मी बॅटरी खाल्लीस."

मी तिच्याकडे बघितलं. ती उठली, मागे गेली, भिंतीला धरून. गरम धुण्याचं बटण दाबल्याचा आवाज आला. मग तिने विजेच्या चुलीचे दोन्ही तवे लावले आणि त्यांवर झाकणाची दोन भांडी पाणी भरून ठेवली. पडद्यावरची ओळ बदलली. मोटारीचा ब्रेक : नऊ किलोवॅट उपलब्ध.

हिशोब सोपा होता. गाडी जेवढ्या वेगाने खाली येईल तेवढी वीज तयार होणार. चूल आणि टाकी मिळून जेवढी खातात त्यापेक्षा जास्त वीज झाली, की मोटार सोडून देणार. म्हणजे ज्या वेगाला चुलीचं आणि उताराचं बरोबर जुळतं, त्याच वेगाने उतरायचं. तो वेग तासाला चौदा किलोमीटर निघाला.

थाळ्या निवेपर्यंत थांबलो. मग गटारातून गाडी बाहेर काढली.

पडद्यावरचा दांड्याचा आकडा वीसवर आला. ट्रेलर पुन्हा स्वतःला धरून येऊ लागला. मागे ट्रकांची रांग लागली. एकाने ओरडून विचारलं, वरात आहे काय? मी हात बाहेर काढून 'हळू' अशी खूण केली.

टाकीच्या संचाला एक अडचण होती. सुरक्षेसाठी तो दर पाच मिनिटांनी स्वतःहून थांबायचा आणि बटण पुन्हा दाबावं लागायचं. तो थांबला की पायाखालची पकड एकदम सुटायची. पहिल्यांदा सुटली तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोललो नाही.

"पाणी!"

बटण दाबलं गेलं. पकड आली.

"ओरडताय कशाला?" शालन मागून म्हणाली. "मी काय बहिरी हाय?"

अजून सहा वेळा मी हाक मारली. शेवटच्या दोन वेळी हाक पुरी व्हायच्या आत बटण दाबलेलं होतं.

उरलेला घाट उतरायला पस्तीस मिनिटं लागली. पायथ्याला, वैभववाडीच्या अलीकडे, गाडी बाजूला घेतली. चुलीवरची भांडी तळाला आली होती. शालनने टाकीचा आकडा वाचला. सकाळी बावीस अंश होता, आता सदतीस.

"बरोबर लागतंय तेवढंच तापलं," ती म्हणाली. डायलिसिसला पाणी अंगाएवढंच गरम लागतं. आमच्या साडेचार टनांचा पाचशे मीटरचा उतार त्या दोनशे लिटर पाण्यात आणि दोन भांड्यांच्या वाफेत गेला होता.

सूर्य बुडायला अर्धा तास असताना मिठबावच्या किनाऱ्याला पोचलो. शालन एक पायरी उतरली, वाळूत चपला काढल्या आणि उभी राहिली. एक लाट पावलांवरून येऊन गेली.

"बरंच हाय की," ती शेवटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती यंत्राला लागल्यावर मी गाडीचा फॉर्म उघडला. मतभेदानंतर चाक रस्ता सोडून गेलं तर फॉर्म भरावा लागतो. कारण विचारलं होतं आणि तीन पर्याय दिले होते : यंत्राचा दोष, रस्त्याचा दोष, चालकाची चूक. मी जमीरला फोन लावला.

"मामा, रस्त्याचा दोष लिहा. सगळे तेच लिहितात. रस्ता काय भांडायला येणार आहे?"

"आणि चालकाची चूक लिहिली तर?"

"तर घाटाची परवानगी जाईल. कायमची. कशाला?" मग जरा थांबून म्हणाला, "हवी तर चॅसी बदलून देतो. लोखंडी अजून शेडमध्येच आहे. ती प्रणाली चालवेल, तुम्हाला फॉर्मचा ताप नाही."

शालन पडल्या पडल्या ऐकत होती. तिच्या हातातली नळी लाल होती आणि यंत्र एकसारखा आवाज करत होतं.

"हीच राहू दे," मी जमीरला सांगितलं. "तिला चढायला एकच पायरी आहे."

पहिल्यांदाही मी हेच कारण सांगितलं होतं. तेव्हा ते पुढे करायला सापडलेलं निमित्त होतं; मला स्वतःला चालवायची होती.

फॉर्मवर मी चालकाची चूक या चौकोनात खूण केली. खाली दोन ओळी लिहायची जागा होती. लिहिलं : पान एकतीस वाचलं होतं. पाळलं नाही. सही केली. अर्ध्या तासात उत्तर आलं. घाटपरवानगी रद्द.

"गेली?" शालनने विचारलं.

"गेली."

"मग आता परत कसं जायचं? इथंच राहायचं?"

"प्रणालीला बोलावतो."

"बरं. तोवर मासे आणा," ती म्हणाली. "मला दोन घासच चालतात, पण आणा."

शनिवारी प्रणाली एसटीने आली. मी गाडीची चावी तिच्या हातावर ठेवली. तिने ती मुठीत धरली. आरसे तिच्या उंचीला लावून घेतले आणि घाट चढवला. चांगला चढवला. एका वळणाला तिने आत जरा लवकर घेतलं. मी शालनकडे सुपारी मागितली. गगनबावड्याला टपरीवाल्या बाईने वायर हातात घेतली, आधी प्रणालीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

पुढे उतार नव्हता, तरी "ऐंशीला काढा," प्रणाली म्हणाली.

"बरं झालं, कोणीतरी म्हणालं," बाई म्हणाली.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. प्रणालीला सुट्टी मिळेल तशी आम्ही तिघं निघतो. फोंडा झाला, आंबोली झाला, दोनदा करूळ झाला. प्रणाली चालवते, शालन तिच्या शेजारी बसते आणि घाटांची नावं विचारते. मी मागे, चुलीजवळच्या बाकावर, भिंतीवरच्या बटणाशेजारी असतो. ऐंशीवर सुटलो तरी लांब उतारावर बॅटरी कधीकधी मध्येच भरत येते. तेव्हा पुढून हाक येते.

"आबा, पाणी!"

मी बटण दाबतो. तिला अजून दुसऱ्यांदा हाक मारावी लागलेली नाही.